एका नावाच्या दोघी

'फाइल' म्हणून हाक मारली की दोघी वळून बघतात. थोरली पुठ्ठ्याची. कडा झिजलेल्या, नाडीची गाठ सैल झालेली, अंगावर तीन-चार खात्यांचे शिक्के, कोपऱ्यात चहाच्या कपाचं वर्तुळ. धाकटीला अंगच नाही. पडद्यावर एक लहानसं चित्र आणि त्याखाली नाव, एवढंच तिचं दर्शन. सरकारी कचेरीत आज एकाच टेबलावर दोघी नांदतात. नाव एक, काम बरंचसं एक, पण स्वभाव असे की थोरलीसोबत तीस वर्षं काढलेला माणूस धाकटीपुढे पहिल्याच दिवशी गोंधळतो. दोघींशी तुमचं रोज काम पडतं. पण काम पडणं निराळं आणि ओळख असणं निराळं, म्हणून हा परिचय.

घराण्यापासून सुरुवात करू. युरोपातल्या कारकुनांनी कागद सांभाळायची एक सोपी युक्ती काढली होती. आलेला कागद टोचायचा आणि दोऱ्यात किंवा तारेत ओवायचा. लॅटिनमध्ये दोऱ्याला 'फिलुम' म्हणत. तेच नाव फ्रेंचमधून इंग्रजीत जाऊन 'फाइल' झालं. ही मूळ आजी आपल्याकडे अजून हयात आहे. एखाद्या जुन्या किराणा दुकानात मान वर करून पाहा. खुंटीला लटकलेली एक तार दिसेल, वरचं टोक वाकवलेलं, तळाला लाकडी चकती, आणि मध्ये बिलं, पावत्या, उधारीच्या चिठ्ठ्या. जुन्या वाड्यांत घरी आलेली पोस्टकार्डंही अशाच तारेत अडकवलेली असत.

आजीचा नियम एकच. नवा कागद जुन्याच्या वर बसेल. मधलाच हवा असेल तर वरचे सगळे उतरवा आणि पुन्हा त्याच क्रमाने चढवा. आधी कोण आलं आणि नंतर कोण, याबद्दल ती कधी खोटं बोलत नाही. दोन्ही नातींना जोखताना एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

महाराष्ट्रात फायलीच्या आधी रुमाल होते. पेशव्यांच्या दफ्तरातले कागद कापडात बांधून ठेवत आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही तोच शब्द चालतो. गोविंद सखाराम सरदेसाईंनी या रुमालांतून निवडून ४५ खंड छापले. रुमाल स्वभावाने मोकळा. गाठ सोडली की सगळे कागद एकदम मांडीवर येतात. फायलीने शिस्त आणली ती कागदाला भोकं पाडून. १८८६ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडरिश झोनेकेन यांनी भोकं पाडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे टॅगचा दोरा त्या भोकांतून गेला आणि आजीची तार नव्या रूपात कचेरीत येऊन बसली.

सरकारी मराठीत थोरलीचं नाव नस्ती. त्या नावाने तिला लिहितात, हाक मात्र कोणी मारत नाही. मंत्र्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची ती फाइलच. तिला आपल्या चालीचा अभिमान आहे. लिपिकाकडून कक्ष अधिकारी, तिथून अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी ती एकेक पायरी चढते आणि तशीच उतरते. स्वतःच्या पायांनी जात नाही, शिपायाच्या हातावर बसून जाते. चढताना तिची भाषा अदबीची असते: 'सादर', 'अवलोकनार्थ', 'मान्यतेस्तव'. उतरताना तीच भाषा तुटक होते: 'मान्य', 'तपासून फेरसादर करावे', 'बोलावे'. 'बोलावे' हा शेरा पाहिला की खालच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. कारण आता जे बोलणं होईल ते फायलीत येणार नसतं.

तिची एक खोड सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिच्यावर वजन ठेवलं की ती हलते, नाहीतर जागची उठत नाही. हे आपण हसत हसत सांगतो, पण त्या हसण्याखाली कुणाची पेन्शन अडकलेली असते, कुणाचा वारसाचा फेरफार. म्हणून २००५ मध्ये राज्याने कायदाच केला. बदल्यांचं नियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध, दोन्ही त्याच्या लांबलचक नावात आहे. लोक त्याला दिरंगाईचा कायदा म्हणतात. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं त्यात लिहिलं आहे. थोरलीला हा कायदा पाठ आहे. तुम्हीही पाठ करावा, कारण तुम्ही आठवण करून दिलीत तरच तिला तो आठवतो.

वयाच्या बाबतीत तिच्याइतकं रोखठोक कोणी नाही. काम संपलं की तिच्यावर एक अक्षर लिहिलं जातं. 'अ' म्हणजे कायम जतन. 'ब' म्हणजे ३० वर्षं. 'क-१' ला १०, 'क' ला ५, आणि 'ड' ला फक्त एक वर्ष. हे अक्षर लिहायचा कंटाळा केला की अभिलेख कक्षात सगळ्याच वयाच्या फायली एकमेकींच्या अंगावर पडून राहतात आणि हवी ती कधीच हाती लागत नाही. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीतले असे ढीग उपसून, कागद वर्गवार लावून बसण्या-उठण्याची सगळी रीतच बदलली. तो 'लखिना पॅटर्न' पुढे राज्यभर गाजला. एका अधिकाऱ्याची कीर्ती फायली नीट लावण्यामुळे झाली, ही थोरलीसाठी मोठीच मानाची गोष्ट.

आता तिचा खरा गुण. तिच्या पोटात दोन भाग असतात. एक पत्रव्यवहार, दुसरा टिपणी. बाहेरच्या जगाने काय लिहिलं ते पत्रव्यवहारात. आतली माणसं एकमेकांना काय म्हणाली ते टिपणीत. तिचा जीव टिपणीत आहे. समजा लिपिकाने लिहिलं, प्रस्ताव नियमात बसत नाही. वरच्याने लिहिलं, विशेष बाब म्हणून मान्य करायला हरकत नाही. त्याच्याही वरच्याने नुसती सही केली. तिघांच्या सह्या, तिघांच्या तारखा, एकाखाली एक. कोणाचं मत मानलं गेलं नाही तरी ते कागदावरून उडत नाही. कोणी खोडलं, तर खोडलेलं दिसतं. पंधरा वर्षांनी चौकशी लागली की त्या लिपिकाची ती एक ओळच त्याच्या मदतीला उभी राहते. आजीच्या तारेचं इमान थोरलीत उतरलं आहे ते इथे.

म्हणूनच टिपणी दाखवायला ती लाजते. खरं तर तिला लाजवलं जातं. माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला तेव्हा 'अभिलेख' या शब्दाच्या व्याख्येत कायद्याने फाइल नाव घेऊन घातली. टिपण्याही त्यात येतात, असा निकाल केंद्रीय माहिती आयोगाने २००६च्या जानेवारीत दिला. त्याच वर्षी बहुतेक टिपण्या कायद्याबाहेर ठेवणारी दुरुस्ती आणण्याचं केंद्र सरकारने ठरवलं. ऑगस्टमध्ये अण्णा हजारे आळंदीत उपोषणाला बसले, देशभर ओरड झाली आणि ती दुरुस्ती बारगळली. फायलीतल्या मजकुरासाठी माणसं उपाशी राहिली, असं दुसरं उदाहरण चटकन सापडणार नाही. मला त्या लढ्याबद्दल आजही आदर वाटतो.

रुसली की मात्र ती गहाळ होते. 'फाइल सापडत नाही' हे वाक्य ऐकून परत गेलेल्या माणसांची गणती नाही. त्यांनी एक लक्षात ठेवावं. २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की जी माहिती कधीकाळी कचेरीत होती, ती सापडत नाही एवढं म्हणून नाकारता येत नाही. शोध घ्यावा लागेल, हरवली असेल तर जबाबदार कोण हे ठरवावं लागेल. थोरली रुसते ती सहसा कोणाच्या तरी सांगण्यावरून.

आता धाकटीकडे वळू. आज तिच्या हलकेपणाचं कौतुक होतं, पण जन्मताना ती भलतीच जड होती. १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत, सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरं साठवत, आणि तबकड्यांच्या त्या कपाटाचं वजन टनाच्या घरात होतं. त्या काळात अशा अख्ख्या यंत्रालाच डिस्क फाइल म्हणत. पुढे हे नाव यंत्रावरून घसरत आतल्या मजकुरावर आलं आणि शेवटी एकेका पत्रावर, एकेका छायाचित्रावर जाऊन बसलं.

गोंधळाचं मूळ इथे आहे. थोरली म्हणजे पुष्कळ कागद एकत्र बांधलेले. धाकटी म्हणजे बहुधा एकच कागद. आपल्या कारकुनाच्या तोंडी जी फाइल, ती संगणकात फोल्डर झाली. आणि ज्याला तो आयुष्यभर 'एक पत्र' म्हणत आला, त्याला संगणक फाइल म्हणू लागला. १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा संगणक काढला. त्याच्या पडद्यावर अमेरिकी कचेरीचं टेबल चितारलं होतं: कागद, फोल्डर, टपालाच्या ट्रे. पुठ्ठ्याच्या ज्या पाकिटाला ते फोल्डर म्हणत, तेच त्या चित्रात आलं. आपल्याकडच्या टेबलावर त्याच वस्तूला फाइल म्हणतात, याची तिथे कुणाला कल्पना असण्याचं कारण नव्हतं. 'फाइल उघडा' म्हटल्यावर एकच पान उघडतं आणि 'बाकीचे कागद कुठे गेले?' असं विचारणारे काका काही चुकत नव्हते. त्यांना थोरली ठाऊक होती, एवढंच.

धाकटीचा अहंकार थोरलीलाही झेपणार नाही असा. १९६९ पासून बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं, तेव्हा त्यांनी कीबोर्डलाही फाइल मानलं, पडद्यालाही आणि प्रिंटरलाही. वाचायचं म्हणजे फायलीतून, लिहायचं म्हणजे फायलीत. या एका ठरावाने संगणकाचं शास्त्र कितीतरी सोपं झालं, आणि धाकटीच्या मनाने घेतलं की आपल्याशिवाय या घरात दुसरं काहीच नाही.

नावाबद्दल तर ती फारच चोखंदळ. डॉसच्या जमान्यात तिला आठ अक्षरांचं नाव आणि तीन अक्षरांचं आडनाव एवढंच चाले. रजेच्या अर्जापासून लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेपर्यंत सगळं त्यात कोंबावं लागे, आणि सहा महिन्यांनी ते नाव ठेवणाऱ्यालाही उलगडत नसे. १९९५च्या विंडोजने लांब नावं दिली तरी काही नावं निषिद्धच राहिली. सी, ओ, एन ही तीन अक्षरं घेऊन फोल्डर करायला जा, ती ठाम नकार देते. काही वर्षांपूर्वी भारतात एक ईमेल घरोघर फिरला होता: हे गूढ एका भारतीयाने शोधलं आणि बिल गेट्सलाही त्याचं उत्तर देता आलं नाही. गूढ काही नव्हतं. कीबोर्ड आणि पडदा मिळून जो कन्सोल होतो, त्याला जुन्या काळी हे नाव देऊन टाकलेलं होतं, आणि विंडोजच्या पुढच्या पिढ्यांनी ते वडिलांचं नाव म्हणून मोडलं नाही.

युनिक्समध्ये नावाआधी टिंब दिलं की ती पडद्याआड जाते. हा पडदाही कुणी ठरवून शिवलेला नाही. फायलींची यादी दाखवताना 'चालू जागा' आणि 'वरची जागा' या दोन खुणा वगळायच्या होत्या, आणि त्या टिंबाने सुरू होत. लिहिणाऱ्याने घाईत फक्त पहिलं अक्षर तपासलं. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी सगळीच नावं यादीतून गळाली. रॉब पाइक या युनिक्सच्या जुन्या जाणकाराने ही हकीकत लिहिली आहे. आज जगातल्या असंख्य संगणकांवर अशा लपलेल्या फायली राहतात.

थोरलीला एकांत लागत नाही. गठ्ठ्यात राहायची तिला सवय. धाकटीला प्रत्येकीचं दार वेगळं हवं, आणि पासवर्ड आला तो यासाठीच. एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांनी एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था १९६१ मध्ये दाखवली. अनेकजण आले म्हटल्यावर ज्याची फाइल त्यालाच दिसायला हवी, म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द. पुढे काही वर्षांनी तिथे एक घोटाळा झाला. एक व्यवस्थापक दिवसाचा निरोप लिहीत होता, दुसरा पासवर्डची यादी दुरुस्त करत होता. दोघांच्या कामाच्या तात्पुरत्या फायलींना यंत्राने एकच नाव दिलं. निरोप आणि यादी यांची अदलाबदल झाली आणि जो जो संगणकावर आला त्याला नमस्काराऐवजी सगळ्यांचे पासवर्ड वाचायला मिळाले. एका नावाच्या दोघी असल्या की काय होतं, याचा हा धाकटीच्या घरातलाच अनुभव.

वय सांगताना ती हमखास चाचरते. एखादी फाइल पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकात उतरवा आणि तिचे तपशील उघडा. विंडोज सांगेल की ती आज निर्माण झाली आणि शेवटचा बदल तिच्यात गेल्या वर्षी झाला. जन्माआधीच बदल! इथे आजीची आठवण येते. तारेतल्या कागदाला अशी तारीख सांगता आली नसती.

याहून मोठा दोष तिच्या जतन करण्यात आहे. थोरलीत नवं मत जुन्याखाली येतं. धाकटीत नवा मजकूर जुन्याच्या जागी बसतो. 'सेव्ह' म्हटलं की कालचा परिच्छेद कुठे होता याची खूणही उरत नाही. दिवाळी अंकाच्या कचेरीत म्हणूनच 'अंतिम', 'अंतिम नवीन' आणि 'अंतिम सुधारित' अशा बहिणी एका फोल्डरात जमतात. माणसं नावांच्या आधाराने तिला तारेसारखं वागायला लावू पाहतात. आता आवृत्त्या राखणारी साधनं आहेत, प्रोग्रामर ती रोज वापरतात. पण ती साधनं बाहेरून आलेली. उपजत म्हणाल तर धाकटीला भूतकाळ ठेवायची सवय नाही.

मरणाच्या बाबतीत मात्र ती चिवट आहे. डॉसमध्ये फाइल पुसली म्हणजे यादीत तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदलून खुणेचा एक आकडा टाकला जाई. मजकूर तसाच पडून असे, वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. १९९१च्या डॉसमध्ये पुसलेली फाइल परत आणायची आज्ञा आली तेव्हा ती आज्ञा माणसाला विचारायची, हिच्या नावाचं पहिलं अक्षर कोणतं? ते सांगितलं की फाइल उठून बसायची. युनिक्समध्ये आणखी एक रीत आहे. नाव पुसलं तरी एखादा प्रोग्राम तिला उघडून वाचत असेल तर ती जात नाही. वाचणारा उठला की मगच तिची जागा मोकळी होते.

वजनाचं तिचं गणित थोरलीच्या नेमकं उलट. वजन वाढलं की धाकटीचा पाय अडतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला पोरगी आपले सरकार सेवा केंद्रात येते. दाखला फोनवर काढलेला, फोटो चार एमबीचा. पोर्टलला हवा काहीशे केबीचा. मग तो आक्रसायचा, इतका की तहसीलदारांचा शिक्का वाचता येईना, आणि आठवड्याने 'कागदपत्र अस्पष्ट' म्हणून अर्ज परत. ही अडवणूक थोरलीच्या अडवणुकीहून कमी जाचक आहे असं मला वाटत नाही. इथे समोर टेबलामागे माणूसही नसतो, कुणापाशी गाऱ्हाणं घालणार?

आणि बोली. थोरलीच्या पूर्वजांची लिपी मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती कचेऱ्यांत चालली आणि मग वाचणारे संपत गेले. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तहसीलांतले गठ्ठे सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधून शोधून बोलावणी गेली. शंभर वर्षं जिच्याकडे कोणी पाहिलं नाही, तिच्या एका ओळीवर घरादाराचं लक्ष लागलं. त्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. थोरलीनेच धाकटीचा वेष घेतला.

धाकटीची मोडी तर तीस वर्षांतच तयार झाली. युनिकोड घरोघर येण्याआधी मराठीत टंकलेलं सगळं ठरावीक फाँटच्या भरवशावर होतं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी: ज्याचं त्याचं कोष्टक वेगळं. आत इंग्रजी अक्षरांचेच आकडे, वर देवनागरीचा मुखवटा. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की ज्ञानेश्वरीवरचा लेखही परक्या चिन्हांचा चिखल दिसे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा होती. विंडोज २००० बरोबर मंगल हा फाँट आला तेव्हा वाट मोकळी झाली. पण त्याआधीचे अग्रलेख, पाठ्यपुस्तकं आणि संस्थांचे अहवाल पुष्कळ ठिकाणी जुन्या फायलींत तसेच पडून आहेत. त्यांना बदलून देणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत. ज्यांच्या कपाटात अशा सीडी आहेत त्यांनी वेळ काढून हे काम करावं, कारण सीडीही फार काळ थांबणार नाहीत.

दोघींची गाठ खऱ्या अर्थाने पडली ती एका वाईट दिवशी. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर पेटलेली ज्वाळा वर चढत गेली, पाच माणसं दगावली, आणि असंख्य फायली राख झाल्या. थोरलीची सगळ्यात मोठी उणीव त्या दिवशी उघडी पडली: ती एकच असते. तिची सही, तिचा शिक्का, तिची टिपणी, सगळं एका पुठ्ठ्यात. धाकटीला क्षणात हुबेहूब जुळी करता येते. आगीनंतर मंत्रालयात कागद स्कॅन करण्याला आणि ई-ऑफिसला जोर आला तो यामुळे.

ई-ऑफिस हे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेलं. त्यातली ई-फाइल मला आवडते, कारण ती बनवणाऱ्यांनी थोरलीचा खरा गुण ओळखला. त्यात फाइल म्हणजे पुन्हा पुष्कळ कागद एकत्र, एका बाजूला पत्रव्यवहार आणि दुसऱ्या बाजूला टिपणी. कच्चं लिहायचं ते पिवळ्या टिपणीत. ते हवं तितकं बदला, टाकून द्या. पक्कं लिहायचं ते हिरव्या टिपणीत. फाइल पुढे पाठवली की हिरव्या टिपणीतला काना-मात्राही पाठवणाऱ्याला बदलता येत नाही, आणि ती कोणाकडे, कधी पोचली हे तारीखवेळेसह दिसतं. शिपायाचा हात गेला, चालीचा हिशोब राहिला. तार पुन्हा जागेवर आली.

तरी एक धोका उरतो. निर्णय व्हॉट्सॲपवर ठरवायचा आणि हिरव्या टिपणीत फक्त 'मान्य' लिहायचं, ही सवय रुजते आहे. 'बोलावे' या शेऱ्याचा हा नवा अवतार. फाइल कितीही आधुनिक झाली तरी तिच्यात लिहिलंच नाही ते तिला कुठून सांगता येणार? त्यावर इलाज यंत्रात नाही. फाइल कोणीतरी उघडून बघणार आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असलं की टिपणी आपोआप भरते.

ते बघणारे तुम्ही व्हा. माहितीचा अधिकार कागदाची नक्कल मागण्यापुरता नाही. समोर बसून फाइल चाळण्याचा आणि त्यातून टिपून घेण्याचा हक्कही त्यात आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हा पातळीवरच्या कचेऱ्या आणि महापालिका, नगरपालिकांसाठी आदेश काढला: दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. एखाद्या सोमवारी जा. तुमच्या रस्त्याची, शाळेची, पाण्याच्या टाकीची फाइल मागा. कागदाची असेल तर टिपणीची पानं आधी वाचा, संगणकातली असेल तर हिरवी टिपणी छापून मागा. नक्कल पानाला २ रुपये.